चौकाखालची जमीन

तांदूळ भिजवून, वाटून, पातळ करून त्या पिठीची रेघ बांबूच्या काडीनं गेरूच्या भिंतीवर ओढली, तर ती लगेच पांढरी दिसत नाही. ओली असताना ती नुसती ओलच असते, भिंतीच्या तांबड्या रंगात जवळपास मिसळून गेलेली. वाळत जाते तसतशी उजळते. म्हणजे वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, लिहिणाऱ्या बाईला आपण काय काढलं हे त्या क्षणी पुरतं दिसत नाही. मागची रेघ उमटायच्या आत पुढची ओढावी लागते. भिस्त सगळी हातावर आणि आठवणीवर. पोस्टर कलरची रेघ जागच्या जागी डोळ्यांत भरते. नाही आवडली तर वरून रंग फिरवायचा आणि पुन्हा काढायची. दोन्ही चौकांचे फोटो शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना फरक कळणार नाही. पण एका ठिकाणी बघत बघत काढायचं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी काढून झाल्यावर वाट बघायची असते.

जमिनीला धरून राहणारी माणसं ध्यानासारखी कला घडवतात, असं आपण कौतुकानं म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असतं ते वातावरण. झाडं, शांतता, शेणानं सारवलेलं अंगण, कसलीच घाई नसलेली माणसं. मला हे कौतुक फसवं वाटतं. चौकात जी एकाग्रता आहे ती वातावरणातून आलेली नाही. ती जमिनीवरच्या ताब्यातून येते, हंगामातून येते, आणि लग्नाच्या दिवसांत घरात असण्यातून येते. म्हणून ही कला जगवायची असेल तर सांस्कृतिक खात्याच्या आधी महसूल आणि वन खात्याचे दरवाजे ठोठवावे लागतील, असं माझं म्हणणं आहे.

चौक म्हणजे काय, हे आधी थोडं सांगायला हवं, कारण आपल्या ओळखीची वारली चित्रं वेगळी. साडीवर, कपावर, दिवाणखान्यातल्या फ्रेमवर दिसतो तो तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावरचा नाच, त्रिकोणी अंगाची माणसं, गोल फेर. लग्नाचा चौक घरात आतल्या भिंतीवर असतो. चौकोन, त्याला नक्षीच्या पट्ट्यांची चौकट, आणि मधे पालघट देवी. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौकाबाहेर झाडं, जनावरं, वरात. हा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. भटजीचं इथे काम नाही. परंपरेनं चौकाशिवाय लग्न लागत नाही. याचा अर्थ हे चित्र सजावट म्हणून काढलेलं नाही, लग्नविधीचाच तो एक भाग आहे. लग्न पार पडलं की त्याचं काम संपलं. ते जपून ठेवायचं नसतं. पिठी सुटत जाते, पोपडे पडतात, पुढच्या सारवणात उरलंसुरलं जातं.

आणि हे काम शांततेत होत नाही. लग्नघर आहे ते. बायका गर्दी करून असतात, गाणी चालू असतात, पोरं मधे मधे येतात. चिंतन म्हणजे एकट्यानं खोलीचं दार लावून बसणं, ही कल्पना मठांतून आणि स्टुडिओतून आली आहे. इथलं चिंतन चारचौघींत, बोलत बोलत होतं. तरीही ते चिंतनच, कारण कुठली रेघ कुठे संपवायची हे कुणाच्या मर्जीवर नसतं. ठरलेलं रूप पुन्हा एकदा नीट उतरवायचं असतं. त्यात नावीन्याला मोल नाही आणि सहीला जागा नाही.

आता सामानाकडे बघू. तांदूळ, शेण, गेरू, बांबूची टोकाला चावून मऊ केलेली काडी. फुकटचं सामान, असं कार्यशाळांमधून सांगितलं जातं. मला यातलं काहीच फुकट दिसत नाही. तांदळासाठी भाताचं शेत हवं. शेणासाठी जनावर हवं, जनावराला चरायला माळ किंवा जंगल हवं. बांबू जंगलातला, गेरू मातीतला, आणि दोन्ही ठिकाणी जाऊन आणायची मोकळीक हवी. भिंतीसाठी घर हवं, घराला घरठाण. आणि दिवस हवेत. भात कापून, झोडून घरात आल्यावर पावसाआधीचा जो काळ उरतो त्यात लग्नं होतात. यातलं एकेक काढून घेत गेलात तर चित्र काढता येणार नाही असं नाही. ते विकतच्या सामानावर काढावं लागेल, इतकंच.

इथे कुणी म्हणेल, मग त्यात काय बिघडलं? रेशनच्या तांदळाची पिठीही तितकीच पांढरी वाळते. देवी काही रेशनकार्ड विचारत नाही. खरं आहे. पण वारल्यांच्या श्रद्धेत धान्य म्हणजे कणसरी, जमीन म्हणजे धरतरी, गाय म्हणजे गावतरी. या तिघी गाण्यांत येतात आणि त्याच तिघी भिंतीवर येतात: शेणाचं सारवण, त्यावर माती, त्यावर तांदूळ. देवीचं चित्र देवीच्याच अंगानं काढलेलं आहे. ज्या घरानं ते भात लावलं, कापलं, नवं खाण्याआधी देवाला दिलं, त्या घरात या रेघांना जो अर्थ आहे तो सामान विकत आणलेल्या घरात हळूहळू विरतो. एका पिढीत नाही विरणार. पण विरेल.

हा संबंध आज पहिल्यांदा तुटू लागला आहे, असं म्हटलं तर तो इतिहासाचा अपमान होईल. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात १९४५ पर्यंत लग्नगडी नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या फेडीपोटी नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे, माणूस सुटत नसे. लग्नाचा चौक लिहिला जात होता त्याच दिवसापासून ती दोघं गहाण पडत होती. किसान सभेच्या लढ्यानं, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, ही पद्धत आणि वेठबिगारी मोडून काढली. गवत कापायच्या मजुरीवरून संप झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. वारली कलेवरच्या देखण्या पुस्तकांतून हे प्रकरण बहुतेक वेळा एखाद्या ओळीत उरकलेलं असतं, नाहीतर नसतंच. माझ्या लेखी ते त्या कलेच्या इतिहासातलं मुख्य प्रकरण आहे. लग्न पुन्हा लग्न झालं ते तेव्हा.

पुढचा प्रश्न मात्र मिटला नाही. जी जमीन कसतो ती कागदावर कुणाची? मोठा भाग वन खात्याचा. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या तुकड्याला ‘अतिक्रमण’ म्हणायचं, ही रीत ब्रिटिशांपासून चालत आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं प्रथमच मान्य केलं की या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्याच्या प्रस्तावनेतच ते लिहिलं आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क, शिवाय जंगलावर गावाचे सामूहिक हक्क. कायदा चांगला. पण दावे नामंजूर होत राहिले, मंजूर झाले तिथे कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र कागदावर आलं, अपिलं पडून राहिली. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी, त्यात बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून पायी मुंबईत आले त्यांची एक मुख्य मागणी हीच होती. पुढे मे महिन्यात थोर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे गेले आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या गेल्याचं मला तरी आठवत नाही.

जमीन पुरेशी नसली की काय होतं, ते या भागात कुणीही सांगेल. दिवाळी झाली की माणसं बाहेर पडतात. वीटभट्टीवर, रेतीवर, इमारतींच्या कामावर; भिवंडी, वसई, कल्याण, त्याहून लांब. बरीच कुटुंबं पोराबाळांसकट जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच आहे, हे लक्षात घ्या. ज्या महिन्यांत बायकांनी एकमेकींच्या घरी जमून चौक लिहायचा, त्याच महिन्यांत त्या ताडपत्रीच्या झोपडीत असतात. मग लग्न दोन दिवसांत उरकायचं, चौक घाईनं. तरण्या मुलीला आईच्या, आत्याच्या हाताखाली बसून तो शिकायचा तर ती तिथे असायला हवी ना? पाड्यात थांबून राहणं ही आज चैन आहे, आणि चौक शिकण्याची पहिली अट नेमकी तीच आहे.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. चौक भिंतीवरून कागदावर आला नसता तर आज आपण त्याविषयी बोलतही नसतो. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णींना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका कोहबर, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतली भित्तिचित्रं, काढत होत्या. त्यांना कागद दिला, चित्रं विकली, दुष्काळात घरं तगली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूकडे आले आणि त्यांनी वारल्यांपुढे कागद ठेवला. माणूस एकच, दोन्हीकडे लग्नाचंच भित्तिचित्र, दोन्हीकडे ते बायकांच्याच हातचं. पण मिथिलेत कागदावर बायका आल्या, गंगादेवी, सीतादेवी देशभर नावाजल्या. इकडे कागदावर आला एक पुरुष. लहानपणी आई गेल्यावर बोलणंच थांबलेले आणि धुळीत चित्रं काढून मनातलं सांगणारे जिव्या मशे. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात गेली, २०११ मध्ये पद्मश्री. त्यांच्यामागून बहुतांश पुरुषच आले.

मशे थोर चित्रकार होते, याबद्दल शंका नको. त्यांनी विधीच्या चौकटीबाहेर पडून मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं, गर्दीचे घोळके असं काही उभं केलं की ते बघताना आपला श्वास संथ होतो. ती त्यांची स्वतःची समाधी होती, आणि ती विधीची मिंधी नव्हती. तेव्हा ‘कागदावर आलं आणि बाटलं’ हा सोवळा सूर मला मान्य नाही. पैसा आला, मान आला, कितीतरी घरांतली मजुरीची वणवण कमी झाली. ज्याला मजुरीला जावं लागत नाही त्याच्याच घरी पुढचा चौक निवांत लिहिला जाण्याची शक्यता जास्त, हेही उघड आहे. बाजारानं इथे विधीला मदतच केली असेल.

पण या वाटेनं एक गोष्ट झाली. कलाकार म्हणून नोंद झाली ती कागदावर काढणाऱ्याची. भिंतीवर लिहिणारी सवाशीण आणि गाणारी धवलेरी यादीबाहेरच राहिल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचाही रोख विकल्या जाणाऱ्या मालावर आहे. मानांकनामुळे दुसऱ्या प्रदेशात छापलेल्या चादरीला ‘वारली’ म्हणून विकण्याला हरकत घेता येते. नाव न घेता त्याच त्रिकोणी माणसांचा छाप मारला तर काय करणार, हा प्रश्न तसाच. आणि ज्या भूगोलाचं ते मानांकन, त्या भूगोलातली शेतं, जंगलं, पाडे यांना त्यानं तसूभरही संरक्षण मिळत नाही. कलेचं नाव राखलं, गाव मोकळं सोडलं. कायद्याच्या हेतूतच हे बसत नाही म्हणा. तक्रार कायद्याशी नाही, मानांकन मिळाल्यावर हात झटकून मोकळ्या झालेल्या आपल्याशी आहे.

सरकारी उत्साहाचं तर काय सांगावं. स्टेशनं, उड्डाणपुलांचे खांब, कचेऱ्यांच्या कुंपणभिंती. जिथे रिकामी भिंत दिसेल तिथे तारपा नाचतो. त्यातली कितीतरी चित्रं ठेकेदाराच्या माणसांनी स्टेन्सिल लावून मारलेली असतात, हे जवळ जाऊन बघितलं की कळतं: सगळ्या माणसांचा एकच हात एकाच कोनात वर.

शहरातल्या एका वर्गाचं मत याच्या बरोबर उलट असतं. त्यांना वारली कुडाच्या घरातच हवा. भिंतीला सिमेंट लागलं, छपरावर पत्रा आला की त्यांच्यासाठी संस्कृती संपली. घरकुल योजनेतलं पक्कं घर नाकारून पावसात गळणाऱ्या कुडात राहायचं ते कुणासाठी, पर्यटकांच्या कॅमेऱ्यासाठी? सिमेंटवर गेरू फासून चौक लिहिता येतो. घर कशाचं आहे हा मुद्दाच नाही, ते कुणाच्या नावाच्या जागेवर आहे हा आहे. याच वर्गातले काहीजण हल्ली डोंगरपायथ्याला जमीन घेऊन तिथे मातीच्या घरात मूर्ती, चित्रं, मंडलं करत राहतात. मनापासून करतात, चांगलंही करतात. फक्त त्यांनी निवडलेलं हे जगणं त्यांना केव्हाही सोडता येतं, आणि सातबारा त्यांच्या नावावर असतो. वारल्यांपाशी नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत. म्हणून त्यांची साधना आणि हा चौक एका पंगतीत बसवून ‘मातीशी नातं’ वगैरे बोललं जातं तेव्हा मला संकोचल्यासारखं होतं.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. याच किनाऱ्यावर वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर उभं राहतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो. द्रुतगती मार्ग आहे, मालवाहतुकीचा लोहमार्ग आहे. यातलं काहीच नको अशी माझी भूमिका नाही, आणि वारल्यांतही याबाबत एकमत आहे असं भासवणं चुकीचं होईल. काहींना मोबदला हवा, काहींना नोकरी, काहींना जमीन सोडायचीच नाही. पण या प्रकल्पांच्या परिणामांचे अहवाल तयार होतात तेव्हा संस्कृतीच्या रकान्यात काय भरलं जातं ते बघा. देवळं, स्मारकं, पुरातत्त्व खात्याच्या वास्तू. दरवर्षी सारवणाखाली जाणारं चित्र या रकान्यात बसतच नाही, कारण बाधित म्हणून मोजायला तिथे काही उभं नसतं. बाधित होते ती ते पुन्हा लिहिण्याची सोय.

गंमत अशी की हे सगळं एकत्र बघायला सांगणारा कायदा आपल्याकडे आहे. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तो इथे लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये लोकांच्या परंपरा आणि चालीरीती, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि गावाची सामूहिक संसाधनं, हे सगळं राखायला ग्रामसभा सक्षम असेल असं म्हटलं आहे. परंपरा आणि जंगल एकाच वाक्यात, एकाच सभेच्या हाती. ही वाक्यरचना दिल्लीतल्या मसुदाकारांना सुचली, पण आपल्या खात्यांच्या रचनेत ती अजून उतरली नाही. चित्रांची कार्यशाळा एक खातं घेतं, दाव्याची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर, आणि भूसंपादनाची नोटीस तिसरं काढतं. तिघांच्या समोरची बाई मात्र एकच असते.

तेव्हा मागायचं ते याच वाक्याच्या आधारानं मागता येईल. वारली महोत्सव भरवणाऱ्या प्रत्येक सरकारी कार्यालयानं त्याच मांडवात प्रलंबित वनहक्क दाव्यांचा निपटारा ठेवावा. चित्रकारांच्या यादीशेजारी दावेदारांची यादी लावावी, बरीच नावं दोन्हीकडे सापडतील. रोजगार हमीची कामं दिवाळीनंतर वेळेवर पाड्याजवळ सुरू व्हावीत आणि मजुरी वेळेवर मिळावी, म्हणजे भट्टीची उचल घ्यायची वेळ येणार नाही. कलावंतांना मानधन देताना कार्यक्रमांची प्रमाणपत्रं मागितली जातात. धवलेरीला प्रमाणपत्र कोण देणार? तिनं किती लग्नं लावली हे ग्रामसभा उभी राहून सांगू शकते, तो ठराव पुरावा म्हणून धरावा. आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यायची जी बैठक कायद्यानं ठेवली आहे, ती मे महिन्यात, माणसं गावात नसताना, उरकू नये. पावसाळ्यात घ्या, लावणी आटोपल्यावर. तेव्हा सगळी घरी असतात, बायकासुद्धा, आणि त्यांना विचारता येईल की हे शेत गेल्यावर पुढच्या लग्नाचा तांदूळ कुठून आणणार आहात.